उसवलेल्या शिवणी : घरी कपडे शिवणाऱ्यांचे अनुभव

जे हौसेने घरी स्वतःचे कपडे शिवतात, त्यांनी इथे आपला अनुभव लिहावा, अशी विनंती आहे. कटोरी ब्लाउज कसा बेतावा, कोणते मशीन घ्यावे, याची माहिती पुष्कळ ठिकाणी मिळते. मला मात्र उसवलेल्या कपड्यांविषयी वाचायचे आहे. कोणती शिवण उसवावी लागली, का लागली आणि तो कपडा अखेर अंगावर चढला की नाही, हे सांगावे. सुरुवात माझ्यापासून करते.

आईचे काळे पायमशीन माझ्याकडे आले तेव्हा मला बॉबिन भरण्यापलीकडे काही येत नव्हते. पहिला कुर्ता शिवायला घेतला तो मात्र अगदी शास्त्रोक्त. छाती ३६ म्हणून चौथा भाग ९ इंच, त्यात सैलपणाचा १ इंच आणि मायेचा, म्हणजे शिवणीच्या आत जाणाऱ्या जादा कापडाचा, १ इंच, असा हिशेब वहीत मांडला. सुती कापड पुढे आटते म्हणून ते आधीच रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतले. गाडे अडले ते बाह्यांपाशी. बाहीचा पुढचा मुंढा, म्हणजे खांद्या-काखेशी जोडायची गोलाई, मागच्यापेक्षा अधिक खोल कापायचा असतो, हे मला ठाऊक होते. परंतु कापड पुरावे म्हणून घडी न घालता दोन्ही बाह्या सुट्या बेतल्या आणि दुसऱ्या वेळी नमुन्याचा कागद उलटा करायचे विसरले. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या, आणि कापड एका बाजूने छापलेले असल्यामुळे बाही पालटून जोडण्याचीही सोय राहिली नाही. तरीही मी ती तशीच जोडली, कारण आरशासमोर हात खाली सोडून उभे राहिले की काही कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये दांडी धरायला उजवा हात वर केला आणि अख्खा कुर्ता त्या बाजूने वर आला. घरी येऊन दोन्ही बाह्या उसवल्या, त्यांच्याच कापडातून उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्ट्या काढून मुंढ्यांना लावल्या आणि तो बिनबाह्यांचा कुर्ता पुढे चार उन्हाळे वापरला.

इचलकरंजीहून, निवृत्त हिशेबनीस

माझी नोकरी यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. कापडाचे मीटर मोजले, पण शिवले कधीच नाही. निवृत्तीनंतर प्रथम लेंगा शिवला. त्यात चुकायला फारसा वाव नसतो, त्यामुळे माझा आत्मविश्वास नको इतका वाढला आणि मी थेट शर्टाला हात घातला. पाठ, योक, बाह्या, कफ सर्व जमले. कॉलर मात्र मी तीनदा उसवली. पहिल्या वेळी बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारे आतले कापड, मायेच्या आतपर्यंत घेतल्यामुळे कडा जाड झाली. दुसऱ्या वेळी दोन टोकांत बोटाच्या पेराएवढा फरक पडला. तिसऱ्या वेळी शिवण अगदी बिनचूक होती. फक्त टोक धारदार यावे म्हणून ते आतून कात्रीने ढकलले आणि कात्री टोकातून बाहेर आली. आमच्या सौभाग्यवती त्या वेळी समोर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी काही न बोलता विणकामाची एक बोथट सुई आणून दिली. आता मी टोकाजवळची माया तिरकी छाटतो, टीप कोपऱ्यावर एक टाका आडवी घेतो आणि कॉलर उलटवायला तीच सुई वापरतो. तो पहिला शर्ट बिनकॉलरीचा, नुसत्या पट्टीचा झाला आणि अनेकांना तो मुद्दाम तसा शिवल्यासारखा वाटतो. मी खुलासा करत नाही.

ठाण्याहून

माझी अडचण कपड्याची नव्हती, टिपेची होती. वरून टीप सुरेख दिसे आणि कापड पालटले की खाली दोऱ्याचे जाळे झालेले असे. जाळे खाली आहे म्हणजे दोष खालच्याच दोऱ्याचा, असे समजून मी महिनाभर बॉबिनच्या केसचा बारीक स्क्रू पिळत राहिले, सुई बदलली, तेल घातले, आणि त्या महिन्यात एका परकराचा घेर चार वेळा उसवला. अखेर मशीन दुरुस्त करणारे काका आले. त्यांनी वरचा दोरा पूर्ण काढला, कापड दाबणारा फूट वर उचलला, दोरा पुन्हा ओवला आणि टीप मारून दाखवली. फूट खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. तेव्हा ओवलेला दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, त्याला ताण मिळत नाही आणि तो सैल दोरा खाली जाऊन गुंततो. काकांनी पैसे घेतले नाहीत. परकराचे कापड टिपांच्या भोकांनी इतके चाळणीसारखे झाले होते, की त्याची उशीची खोळ केली.

नागपूरच्या वसतिगृहातून

माझ्याकडे मशीन नाही. सुई, दोरा आणि एक चांगली कात्री आहे. तयार कुर्त्यांना खिसे नसतात, याचा मला संताप येतो, म्हणून मी बाजूची शिवण वीतभर उसवून हाताने खिसा लावते. उसवणे ही इथे चूक नाही, पहिली पायरी आहे. धावदोऱ्याने लावलेला खिसा मोबाइलच्या ओझ्याने आठवड्यात फाटला. उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला मागे येत घातलेली शिवण, असलेले खिसे दोन वर्षे टिकले आहेत. आता मजल्यावरच्या मुली कुर्ते आणून देतात आणि त्या बदल्यात चहा पाजतात.

जर्मनीतील श्टुटगार्टहून

मी शिवण शिकले ती पुण्यातल्या मावशीकडे. तिच्याकडे माप शरीरावरून घ्यायचे, खडूने कापडावर आखायचे आणि माया आपण सोडायची, अशी रीत होती. इथे आल्यावर एका मासिकातले तयार नमुने वापरू लागले. एकाच मोठ्या कागदावर अनेक कपड्यांच्या आणि अनेक मापांच्या रेघा एकमेकींवर छापलेल्या असतात. आपली रेघ शोधून ती पारदर्शक कागदावर उतरवायची असते. ती रेघ शोधण्यातच मी इतकी दमले, की सूचनांत लिहिलेले ‘माया धरलेली नाही’ हे वाक्य वाचूनही ध्यानात आले नाही. बाजूच्या दोन शिवणी, प्रत्येकीत दोन्हीकडचे दीड सेंटीमीटर, म्हणजे घेरातून सरळ सहा सेंटीमीटर गेले. झगा खांद्यांवरून खाली उतरेना. मायेला जर्मन भाषेत ‘शिवणीची भर’ अशा अर्थाचा कोरडा शब्द आहे. मावशीचा शब्द डोक्यात असता तर बहुधा विसरले नसते. दोन्ही बाजू उसवून काखेपासून खालपर्यंत खणाच्या पट्ट्या घातल्या. इथल्या शेजारणीला त्या पट्ट्याच अधिक आवडल्या.

सोलापूरहून

आई गेल्यावर तिची एक सुती इरकली नऊवारी माझ्या वाट्याला आली. तिचा कुर्ता शिवावा, असे मी बोलून दाखवले तेव्हा धाकटी बहीण दोन महिने माझ्याशी नीट बोलली नाही. मलाही कात्री लावण्याचा धीर होत नव्हता. शेवटी साडी खिडकीत उजेडासमोर धरली, तेव्हा दिसले, की वर्षानुवर्षे ट्रंकेत एकाच घडीत राहिल्यामुळे घड्यांच्या रेषांवर सूत विरले आहे आणि मधले चौकोन अजून धड आहेत. मी विरलेल्या रेषा टाळून कुर्त्याचे भाग बेतले, आतून मलमलीचे अस्तर दिले आणि काठ बाह्यांच्या तोंडाशी घेतला. शिवण एकदाच उसवावी लागली. मी नेहमीच्या जाड सुईने टीप मारत होते आणि जुने सूत प्रत्येक टाक्याला तुटत होते. ११ नंबरची बारीक सुई घालून, टाका थोडा लांब ठेवून ती पुन्हा मारली. लाल पदर मी कापला नाही. तो बहिणीला दिला. तिने त्याचे अजून काही केलेले नाही, पण मागच्या महिन्यात तिने माझ्याकडून बारीक सुयांचे पाकीट मागून नेले.