पहिला टेक्नो अल्बम: मास्टरिंगला पाठवण्याआधी

*(सोसायटीचा ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव)*

सी-१०३: नमस्कार सगळ्यांना. आम्हा दोघांच्या पहिल्या टेक्नो अल्बमचे आठही ट्रॅक ड्राइव्हवर टाकलेत. १३२ बीपीएम (मिनिटाला १३२ ठोके), प्रत्येकी सहा मिनिटांच्या आसपास. सोमवारी मास्टरिंगला, म्हणजे प्रकाशनाआधी आवाजावर शेवटचा हात फिरवायला, पाठवायलोय. ज्यांना यातलं कळतंय त्यांनी चुका स्पष्ट सांगा. मुख्य अडचण ट्रॅक ३ ची. घरी किक (ठोक्याचा खालचा ढोल) पातळ लागते म्हणून चढवली, तर गाडीत नुसती धबधब.

बी-२०४: दोनदा ऐकलो, स्पीकरवर आणि हेडफोनवर. किकचा दोष कमी, खोलीचा जास्त. खोली किती लांब? आणि बसता कुठे?

सी-१०३: ११ बाय १० फूट, काका. खुर्ची बरोबर मधोमध.

बी-२०४: मग तिथंच आहे की सगळं. ११ फुटांवरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५१ हर्ट्झच्या आसपासची लाट अडकते. भिंतीला चिकटून ती सगळ्यात जाड, मधोमध जवळजवळ नाहीच. तुमची किक ४९ हर्ट्झला आहे. म्हणजे बरोबर ज्या खड्ड्यात किक पडते तिथंच तुमचे कान. ऐकू येईना म्हणून फेडर (आवाजाची पट्टी) वर, आणि गाडीत तो खड्डा नसल्यामुळे सगळं अंगावर येतं.

आत्ताच करून बघा. किक एकटी चालू ठेवा, खुर्चीवरून उठा आणि मागच्या भिंतीला पाठ टेकवा. आवाज एकदम भरेल.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून ४ फूट २ इंचांवर आणा, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. रुंदीत मात्र मधोमधच बसावं लागतं, नाहीतर डावं-उजवं बिघडतं. १० फुटांचा खड्डा ५६ हर्ट्झला येतो, तो तिथं राहणारच. त्यासाठी खालच्या आवाजाचा शेवटचा निर्णय हेडफोनवर घ्या. भिंतीला अंड्याचे ट्रे लावू नका. ते थोडाफार वरचा आवाज खातात, खाली त्यांचा काही उपयोग नाही. चार इंची रॉकवूल (दगडी लोकरीची गादी) कोपऱ्यांत तिरपं उभं करा, मागं पोकळी सोडून. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब, ती यानं पुरती आवरत नाही. पण १०० च्या वरची घुमघुम नक्की कमी होते.

ए-४०१: काका म्हणतात ते पटलं. ट्रॅक ३ मध्ये अजून एक आहे. तानपुरा काळी एकचा आहे आणि किक ४९ हर्ट्झ, म्हणजे पांढरी पाच. षड्जाच्या खाली सतत तीव्र मध्यम वाजतोय. म्हणून सहा मिनिटं ऐकल्यावर कान आंबतो, आवाजाच्या पातळीमुळे नव्हे. किक काळी चारवर न्या, ५१.९ हर्ट्झ. पंचम मिळेल आणि ट्रॅक एकदम बसेल. फक्त लक्षात ठेवा, हा स्वर तुमच्या खोलीच्या ५१ वरच येतो, म्हणून आधी खुर्ची हलवा, मग किक.

तानपुरा आणि सिंथ (सिंथेसायझर) एकमेकांशी तंतोतंत लावा. दहा सेंटचा (अर्ध्या स्वराच्या दहाव्या भागाचा) फरक राहिला तरी आवाज संथपणे वर-खाली करणारी लाट येते. तालाशी तिचं जमत नाही.

डी-००२: तानपुऱ्यावर टेक्नो ही कल्पना मला फार आवडली. वादक चरणजीत सिंग यांनी मुंबईत १९८२ मध्येच टीबी-३०३ (बासचा सिंथ) आणि टीआर-८०८ (तालयंत्र) वर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. तिथं राग स्पष्ट कळतो, कारण खालचा स्वर षड्जाला धरून आहे.

सी-१०३: ट्रॅक ३ ची किक आज रात्री बदलतो. ५ आणि ६ मध्ये बास फोनवर गायबच होतो, ते कशानं?

बी-२०४: बासवर कोरस (आवाज पसरवणारा इफेक्ट) लावून तो रुंद केलाय म्हणून. डावी-उजवी लाट उलट्या फेजमध्ये गेली (एक वर तेव्हा दुसरी खाली) की मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र केल्यावर, एकमेकींना खातात. मिरवणुकीतली डॉल्बी असो की क्लबचे सबवूफर, खालचं बहुतेक ठिकाणी मोनोच वाजतं. १२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो करा, रुंदी वरच्या पट्टीत ठेवा. मास्टरवर (सगळं एकत्र होतं त्या शेवटच्या चॅनेलवर) मोनो बटण दाबून आठही ट्रॅक एकदा पूर्ण ऐका.

६ मध्ये किकची शेपटी ३०० मिलिसेकंद आहे. १३२ ला एक ठोका ४५४ चा आणि त्याचा पाव भाग ११३ चा. म्हणजे बासचे दुसरे-तिसरे स्वर किकच्या शेपटीवर पडतात. किक १८० वर तोडा. साइडचेनचा (किक वाजली की बास आपोआप खाली नेणारी सोय) अटॅक, म्हणजे खाली जायचा वेळ, १ आणि रिलीज, म्हणजे परत वर यायचा वेळ, १२० मिलिसेकंद. रिलीज लांबवला तर बास पुढच्या किकपर्यंत वर येतच नाही.

बी-१०३ (काकू): बाळांनो, अल्बम काढताय, खूप कौतुक आहे. पण रात्री अकराला आमच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरायलीत.

बी-२०४: काकूंचं बरोबर आहे. ते हवेतून नाही, स्लॅबमधून जातं. स्पीकर सरळ टेबलावर आणि टेबलाचे पाय फरशीवर, म्हणून टेबल-फरशी सगळंच थरथरतं. स्पीकरखाली दाट रबराचा जाड तुकडा, टेबलाच्या चारी पायांखालीही. एवढं केल्यावरही रात्री दहानंतर फक्त हेडफोन. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि ती या किकला पुरणार नाही.

सी-१०३: माफ करा काकू. आजपासून दहानंतर बंद.

डी-००२: विनाइल रेकॉर्डचा (एलपी) विचार असेल तर आत्ताच ठरवा, कारण क्रम बदलतो. ४८ मिनिटं एका एलपीवर घातली तर एका बाजूला २४ येतात, मग आवाज खाली आणावा लागतो आणि बास सुकतो. दोन एलपी, चार बाजू, प्रत्येकी १२ मिनिटं, हे या संगीताला बरोबर. सुई आत सरकते तसा वरचा आवाज बोथट होतो, म्हणून हाय-हॅटचे झगझगीत ट्रॅक बाजूच्या सुरुवातीला ठेवा आणि संथ तानपुऱ्याचा आतल्या टोकाला. खालचा आवाज मोनो नसेल तर खोबणी खोल-उथळ होऊन सुई उडते, काकांनी सांगितलं ते इथंही लागू.

आणि आठ ट्रॅक भरायलाच हवेत असं नाही, अल्बमची घाईही नको. डेट्रॉइटच्या सायबोट्रॉन जोडीनं, हुआन अॅटकिन्स आणि रिक डेव्हिस, १९८१ पासून आधी सिंगल्स काढल्या आणि मग १९८३ मध्ये पहिला अल्बम. तिथलीच ड्रेक्सिया ही जोडी १९९२ पासून ईपी (थोड्या ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्ड) काढत होती, अल्बम आला १९९९ ला. तुमचा ४ आणि ७ जवळपास एकच आहे. ७ काढाच. सातच ट्रॅक, पण प्रत्येकाला स्वतःची जागा.

ए-४०१: ७ मधला जुन्या रेकॉर्डवरचा भजनाचा तुकडाही त्यामुळे जाईल, ते बरंच. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, आणि शब्द-चाल यांचा हक्क वेगळा. दोन सेकंदांना सूट मिळते ही समजूत चुकीची. झांज-पखवाज हवा असेल तर भजनी मंडळाची परवानगी घेऊन स्वतः रेकॉर्ड करा आणि परवानगी कागदावर घ्या. तुम्हा दोघांचा वाटाही आत्ताच लिहून सही करा, प्रत्येक ट्रॅकचा वेगळा. प्रत्येक ट्रॅकला स्वतंत्र आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो. पुढे रीमिक्स झाला तर त्याला नवा.

बी-२०४: मास्टरिंगला २४-बिट वेव्ह फाइल द्या, मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा) काढून. सर्वांत उंच टोक उणे ६ डेसिबलच्या जवळ असू द्या. स्पॉटिफाय आवाज उणे १४ लफ्सला (जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणतं, म्हणून घरीच दाबून ठेवण्यात फायदा नाही. ठोक्याची धार मात्र जाते.

सी-१०३: खुर्ची हलवली काका. ट्रॅक ३ ची किक ३ डेसिबल खाली आणली तरी पुरायलीय. सातही फाइल्स गुरुवारी टाकतो, लिमिटर नसलेल्या.

बी-२०४: टाका. गाडीतही ऐका, इंजिन बंद ठेवून.