शब्दचर्चा : प्रचाराचा 'सार्वजनिक निधी' की 'सरकारी निधी'?

प्रश्न : अमेरिकेतल्या राज्यांच्या निवडणुकांवर लेख लिहिते आहे. मेन, ॲरिझोना, कनेटिकट इथे उमेदवाराला प्रचारासाठी सरकारकडून पैसे मिळतात. त्याला 'सार्वजनिक निधी' म्हटलं तर चालेल का? आणि त्याआधी मेन, ॲरिझोनात मतदारांकडून पाच-पाच डॉलर गोळा करावे लागतात, त्यांना काय म्हणावं? 'देणगी' लिहिलंय, पण पटत नाही.

प्रतिसाद : 'सार्वजनिक निधी' नकोच. 'सार्वजनिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गणेशोत्सव येतो, म्हणजे घरोघर पावती फाडून जमवलेला पैसा. इथे नेमकं उलटं आहे. ॲरिझोनात हा पैसा मुख्यतः दंडावर लावलेल्या १० टक्के अधिभारातून येतो, तर कनेटिकटमध्ये कुणी दावा न केलेल्या, सरकारजमा झालेल्या मालमत्तेतून. तेव्हा सरळ 'प्रचारासाठी सरकारी निधी' लिहा.

पाच डॉलरना 'देणगी' म्हणू नका. मेनमध्ये राज्याच्या खालच्या सभागृहाच्या उमेदवाराला आपल्या मतदारसंघातल्या किमान ६० मतदारांकडून ही रक्कम आणावी लागते, राज्याच्या सिनेटसाठी, म्हणजे वरच्या सभागृहासाठी, १७५ जणांकडून. ती उमेदवाराच्या खिशात जात नाही, राज्याच्या निधीत जमा होते. माणूस पैसे देतो ते या उमेदवाराच्या मागे लोक आहेत हे दाखवायला. रक्कम ठरलेली, लहान आणि सगळ्यांना सारखी, म्हणून 'पात्रता-वर्गणी' चपखल बसतं. देणगीत देणारा आकडा ठरवतो आणि पुढे कामं घेऊन येतो. ती देवघेव मोडण्यासाठीच मेनच्या मतदारांनी १९९६ मध्ये हा कायदा सार्वमताने आणला. शब्दच चुकला तर वाचकापर्यंत कायद्याचा गाभाच पोहोचणार नाही.

दुसरा प्रतिसाद : 'पात्रता-अनामत' कसं वाटतं? आपल्याकडे उमेदवार अनामत भरतोच की.

पहिल्याचं उत्तर : नाही. विधानसभेला १०,००० रुपयांची अनामत (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी) उमेदवार स्वतः भरतो आणि एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली की परत मिळते. पाच डॉलर मतदार देतो.

तिसरा प्रतिसाद : 'मॅचिंग फंड'बाबत सांभाळा, या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. न्यूयॉर्क राज्यात विधिमंडळाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या रहिवाशाने ५० डॉलर दिले की राज्य त्यावर बारापट, म्हणजे ६०० डॉलर घालतं. त्यापुढच्या १०० डॉलरवर नऊपट. याला आपल्या नगरपालिकांतला 'मॅचिंग ग्रँट' हा शब्द जवळचा आहे. ॲरिझोनात मात्र प्रतिस्पर्ध्याने खासगी पैशातून जास्त खर्च केला की सरकारी निधी घेणाऱ्याला वाढीव रक्कम मिळायची. तिला 'बरोबरीचा निधी' म्हणावं. तीच तरतूद २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली. मूळ योजना टिकली. माझ्या मते त्या निकालाने योजनेचा कणा मोडला, कारण समोरचा कितीही उधळू शकतो आणि निधी घेणाऱ्याच्या हाती ठरलेलीच रक्कम राहते.

प्रश्नकर्ती : माझ्या लेखात 'निधी घेणं बंधनकारक' असं वाक्य आहे, ते काढून टाकते?

पहिल्याचं उत्तर : काढाच. 'ऐच्छिक' लिहा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये बकली खटल्याचा निकाल दिला तेव्हापासून तिथे उमेदवारावर खर्चमर्यादा सक्तीने लादता येत नाही. सरकारी निधी घेणारा ती आपण होऊन स्वीकारतो, एवढंच चालतं.

आणखी एक, मथळ्यात 'राज्य निधी' लिहू नका. आपल्याकडे इंद्रजित गुप्ता समितीच्या १९९८ च्या अहवालात 'स्टेट फंडिंग'ची, म्हणजे निवडणुकीचा खर्च सरकारने उचलण्याची, चर्चा आहे. तिथे 'स्टेट' म्हणजे शासन. तुमच्या लेखात मेन किंवा ॲरिझोना हे घटकराज्य अभिप्रेत आहे. 'मेन राज्याचा निवडणूक निधी' असं नाव घालून लिहिलंत की घोटाळा होणार नाही.