मदत हवी आहे: इन्शुरन्सवाल्यांकडून डेटा फुटला, नुकसानभरपाई कुठे मागायची?

वैतागवाडीकर
नमस्कार. थोडक्यात लिहितो, वेळ नाही. इन्शुरन्सवाल्यांकडून आमचा सगळा डेटा फुटलाय. त्यांचीच मेल आलीय: काही ग्राहकांच्या माहितीपर्यंत अनधिकृत व्यक्ती पोहोचल्याचं लक्षात आलंय, दिलगीर आहोत, पासवर्ड बदला. पासवर्ड बदलून काय होणार? आधार आणि पॅन बदलता येतं का? कस्टमर केअरचं एकच पालुपद, "तक्रार नोंदवली आहे सर."
मला नुकसानभरपाई हवी आहे. केस कुठे टाकायची? ग्राहक मंच, पोलीस की आयआरडीएआय (विम्याचं सरकारी नियामक)? नव्या डेटा कायद्यात २५० कोटी दंड आहे म्हणे, त्यातले आपल्याला किती मिळतात? ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा. "शुभेच्छा" नकोत.

चहाबाज
शुभेच्छा :)

नूतन_ठाणे
सरळ विमा लोकपालांकडे जा. फुकट आहे, वकील लागत नाही. माझ्या सासूबाईंचा गुडघ्याचा क्लेम कंपनीने अडवला होता, लोकपालांकडे गेलो आणि पूर्ण पैसे मिळाले. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे.

कलमकसाई
नूतनताई, तुमचा क्लेमचा वाद होता. यांचा आहे का, ते त्यांनी लिहिलेलंच नाही.
वैतागवाडीकर, आधी २५० कोटींचं. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सुरक्षा नीट न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत आणि फुटल्याचं न कळवल्याबद्दल २०० कोटींपर्यंत दंड आहे, बरोबर. पण तो जमा होतो सरकारच्या संचित निधीत. तुम्हाला त्यातला छदामही मिळत नाही, त्या कायद्यात ग्राहकाला भरपाईची सोयच ठेवलेली नाही. शिवाय कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तेव्हा तो विषय सोडा.
आता सांगा. "इन्शुरन्सवाले" म्हणजे कोण? विमा कंपनी, एजंट की ब्रोकर? पॉलिसी कोणाच्या नावावर? मेल कधी आली? आणि नेमकं काय फुटलं?

बायनरीबुवा
वकीलसाहेब अर्धंच सांगतायत. जुना रस्ता अजून उघडा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३अ. संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हलगर्जी केली आणि तुमचं नुकसान झालं तर भरपाई. नवा कायदा हे कलम काढून टाकणार आहे, पण तेही मे २०२७ मध्येच. अर्ज न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे करायचा, म्हणजे राज्याचे आयटी सचिव, मंत्रालयात. ५ कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. २०१३ मध्ये पुण्याच्या एका कंपनीच्या खात्यातून ऑनलाइन पैसे गेले होते, तेव्हा याच अधिकाऱ्याने बँकेला ४५ लाख द्यायला लावले होते. ग्राहक मंचात तारखाच तारखा.

कलमकसाई
बुवा, ४५ लाखांचा आदेश सगळे सांगतात, त्याला किती वर्षं झाली ते कोणी सांगत नाही. आणि मंत्रालयात तारखा पडत नाहीत असं कोण म्हणालं? सचिवसाहेबांना आधी खातं सांभाळायचं असतं, मग तुमचा अर्ज. त्यात मागाल त्या रकमेच्या हिशोबाने फी.

बायनरीबुवा
पण चौकशी लावायचा अधिकार त्यांना आहे. सर्व्हरचे लॉग तुमचा ग्राहक आयोग (म्हणजे पूर्वीचा मंच) मागवणार का?

वैतागवाडीकर
तुमची भांडणं नंतर. पॉलिसी हेल्थची. मेल मागच्या महिन्यात आली. "वाले" म्हणजे ज्यांच्याकडून घेतली ते, ॲपवरून. कंपनी वेगळी आहे, ती म्हणते आमच्याकडून काही फुटलेलं नाही. नाव लिहू का?

ॲडमिन
नाव लिहू नका, धागा उडवावा लागेल.

कलमकसाई
हे पहिल्याच पोस्टीत हवं होतं. पॉलिसीचं पहिलं पान उघडा. तिथे मध्यस्थाचं नाव, कोड आणि तो एजंट की ब्रोकर हे छापलेलं असतं. एजंट हा कंपनीचा माणूस, ब्रोकर कायद्याने तुमचा प्रतिनिधी. कंपनी हात झटकतेय ती याच फटीतून.

ऑस्टिनचा_अण्णा
इथे अमेरिकेत असं झालं की सगळ्यात आधी क्रेडिट फ्रीज करायचं, म्हणजे आपल्या नावावर कोणी नवं कर्ज काढू शकत नाही. २०१८ पासून फुकट आहे. मग क्लास ॲक्शनची, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकत्र दाव्याची, वाट बघायची. इक्विफॅक्स या क्रेडिट रिपोर्टवाल्या कंपनीकडून २०१७ मध्ये १४ कोटींहून जास्त लोकांचा डेटा गेला, २०१९ मध्ये तडजोड झाली. १२५ डॉलर देऊ म्हणाले होते. मागणारे इतके निघाले की हातात चिल्लर पडली. तरी भारतातही असं काहीतरी हवंच.

चहाबाज
अण्णा, तिथले १२५ डॉलर सुद्धा चिल्लर होतात, इथे तर चिल्लरच नाही, चॉकलेट देतात.

नूतन_ठाणे
२०२१ च्या दुरुस्तीनंतर ब्रोकरही लोकपालांच्या कक्षेत आलेत, एवढं नोंदवते.

वैतागवाडीकर
पहिलं पान बघितलं. ब्रोकर लिहिलंय. पॉलिसी बाबांच्या नावावर, मी फक्त मोबाइलवरून काढून दिली होती. त्याने काय फरक पडतो? आणि मी क्लास ॲक्शनबद्दल विचारलेलं नाही.

कलमकसाई
फरक पडतो, ग्राहक तुमचे बाबा आहेत. तक्रार त्यांच्या नावाने, तुम्ही अधिकारपत्रावर उभे राहा. आता मुख्य प्रश्न, नुकसान काय झालं? नुसता डेटा फुटला म्हणून त्रासाचे चार पैसे कदाचित मिळतील, पण आयोग विचारणार "मग झालं काय?"

वैतागवाडीकर
बाबांना रिन्युअलचा फोन आला, "आज भरलं तर १५ टक्के सूट", लिंक पाठवली, बाबांनी पिन टाकला आणि ३८,५०० गेले. पण ते वेगळं प्रकरण आहे, त्याची पोलिसात तक्रार दिलीय. मी इथे डेटा लीकबद्दल विचारतोय.

नूतन_ठाणे
अहो!!

बायनरीबुवा
वेगळं प्रकरण??? तुमची केस म्हणजे हेच तर आहे!

निवृत्तशाखाधिकारी
इतका वेळ वाचत होतो, आता लिहावं लागतंय. पैसे गेल्यावर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन केला होता का? पहिल्या काही तासांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत गोठवता येतात. शिवाय रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक निघालं होतं. बँकेची चूक नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाकडून गडबड झाली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य.

कलमकसाई
साहेब, ते अनधिकृत व्यवहारांसाठी. इथे बाबांनी स्वतः पिन टाकलाय. बँक पहिल्याच उत्तरात तेच लिहील.

निवृत्तशाखाधिकारी
लिहू दे. आमच्या शाखेत ज्यांनी लेखी मागितलं त्यांचीच फाइल पुढे सरकायची. न मागता कोणी देत नाही.

वैतागवाडीकर
१९३० ला दुसऱ्या दिवशी केला, बाबांनी रात्री सांगितलंच नाही. पावती क्रमांक आहे. थोडी रक्कम होल्ड झालीय म्हणतात. ते मिळेल तेव्हा मिळेल.

बायनरीबुवा
फोन करणाऱ्याला काय काय माहीत होतं? शब्दशः सांगा. नुसतं नाव आणि नंबर असेल तर तो कुठूनही मिळतो.

वैतागवाडीकर
पॉलिसी नंबर, रिन्युअलची तारीख, आईचं वय. आणि "काका, तुमचा मोतीबिंदूचा क्लेम झालाय ना मागच्या वर्षी, म्हणून प्रीमियम वाढणार होता, आम्ही कमी करून देतो." म्हणून तर बाबांचा विश्वास बसला.

बायनरीबुवा
झालं की काम. २०११ च्या नियमांत आजार आणि वैद्यकीय नोंदी "संवेदनशील माहिती"त येतात. नाव, पत्ता, मोबाइल येत नाही. ज्या माणसाला मोतीबिंदूचा क्लेम माहीत आहे त्याने ती माहिती फोनच्या डिरेक्टरीतून काढलेली नाही.

कलमकसाई
इथे मी बुवांशी सहमत (नोंद घ्या). पण क्लेमची माहिती ब्रोकरकडे होती का? क्लेम कंपनी किंवा टीपीएकडे (कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) जातो. कॅशलेस केला होता की ॲपवरून कागद अपलोड केले होते?

वैतागवाडीकर
ॲपवर. डिस्चार्ज समरी, बिलं, सगळं.

कलमकसाई
मग ब्रोकरच्या सर्व्हरवर ते असणार. माझं मत ग्राहक आयोग, जिल्हा पातळी. ब्रोकर आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, एकमेकांकडे बोट तिथे दाखवू देत. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला उघड करणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, कलम २(४७). ते म्हणतील आम्ही दिली नाही, चोरीला गेली. म्हणून सेवेतील त्रुटीही जोडीला मांडा, नुसत्या एका मुद्द्यावर जाऊ नका. मुदत दोन वर्षं. बाबा राहतात तिथल्याच जिल्ह्यात दाखल करता येते, ई-जागृती पोर्टलवर.

बायनरीबुवा
आणि ४३अ?

कलमकसाई
करू देत की. फक्त त्याच ३८,५०० साठी दोन ठिकाणी हात पसरू नका. एवढ्या रकमेला मला आयोग स्वस्त वाटतो, मोठी असती तर मीही मंत्रालय म्हणालो असतो.

नूतन_ठाणे
आणि लोकपाल?

कलमकसाई
ताई, तिथे मुख्यतः क्लेम, प्रीमियम आणि पॉलिसीच्या अटींचे वाद चालतात. डेटा लीक ओढूनताणून बसवावं लागेल. आणि आयोगात केस असताना लोकपाल तोच विषय ऐकत नाहीत.

मिरजेचा_मोरू
स्टार हेल्थचं काय झालं पुढे? २०२४ मध्ये टेलिग्रामच्या बॉटवर लोकांचे मेडिकल रिपोर्ट मिळत होते. ३ कोटींच्या वर ग्राहक असल्याचा हॅकरचा दावा होता.

कलमकसाई
कंपनीच मद्रास उच्च न्यायालयात गेली होती, टेलिग्राम आणि हॅकरविरुद्ध. ६८ हजार डॉलर खंडणी मागितल्याचंही कंपनीने सांगितलं होतं. ग्राहकांची बाजू मांडणारा तो दावा नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

ऑस्टिनचा_अण्णा
म्हणूनच म्हणतो, क्लास ॲक्शन!

कलमकसाई
अण्णा, आहे इथेही. एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते, कलम ३५(१)(क). त्यासाठी पन्नास लोकांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टिकवून दाखवा.

बायनरीबुवा
हे सगळं चालेल तोवर बाबांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर त्यांच्या नावाने किती सिम आहेत बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क, चौघांकडून वर्षातून एक क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावरची कर्जं) फुकट मिळतो. अनोळखी कर्ज दिसलं तर तेही तक्रारीत घाला.

वैतागवाडीकर
ठीक. मग आज नेमकं काय करू?

कलमकसाई
ब्रोकरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल, प्रत कंपनीला. तीन गोष्टी विचारा: बाबांची कोणती माहिती फुटली, कधी, आणि सर्ट-इनला (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) कळवलं का. २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. ३८,५०० आणि त्रासाची रक्कम लेखी मागा. उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली की आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका. आयआरडीएआय पैसे देणार नाही, पण कंपनीला उत्तर द्यावं लागतं आणि तेच उत्तर तुम्हाला आयोगात उपयोगी पडतं. दिलगिरीची मेल हेडरसकट जपा. बाबांच्या मोबाइलमधले मेसेज पुसू नका, मोबाइलही बदलू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल.

वैतागवाडीकर
मोबाइल कालच एक्स्चेंजला काढला होता, थांबवतो. दोन पक्षकार केले तर फी दुप्पट का?

कलमकसाई
नाही. भरलेला प्रीमियम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य.

मिरजेचा_मोरू
विषय निघालाच आहे तर, गाडीचा इन्शुरन्स पुढच्या आठवड्यात संपतोय. कोणता ब्रोकर स्वस्त पडेल?

वैतागवाडीकर
वेगळा धागा काढा.