विषय: बागांच्या चित्रांचं प्रदर्शन आणि नान्नजचा माळ

प्रेषक: कार्यवाह, लंडन

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी म्युझियममधलं चित्रप्रदर्शन एकत्र पाहायचं ठरतंय. विषय बागा आणि पर्यावरण, चित्रकार सगळे आजचे. दहाजणांच्या वर झालो तर तिकिटात सवलत आहे, म्हणून बुधवारपर्यंत नावं कळवा. कॅटलॉगची पीडीएफ जोडली आहे. डबे आत नेता येत नाहीत, बाहेर हिरवळीवर बसून खाऊ. (मागच्या वेळेसारख्या कुणी आत चकल्या काढू नयेत.)

प्रेषक: काकू, सोलापूर

कार्यवाहबाई, सोलापुराहून रविवारपुरतं यायला मला कुणी सवलत देणार नाही, तेव्हा माझं नाव धरू नका. पण पीडीएफ उघडली आणि बघतच बसले. एप्रिलच्या दुपारी इथं दुसरं करणार काय? पारा ४२ च्या खाली यायला तयार नाही.

चित्रं चांगली आहेत. काचघरातली नेची, गॅलरीतल्या कुंड्या, आटत चाललेलं तळं. पण पान उलटावं तर पुन्हा हिरवंच. दुष्काळसुद्धा हिरव्यागार बागेत एक वाळकं झाड उभं करून दाखवलाय. पर्यावरण म्हणजे हिरवं आणि हिरवं म्हणजे बाग, असा सगळा हिशेब. आमच्याकडे तो उलटा पडतो.

परवा भाच्याबरोबर नान्नजला जाऊन आले. बार्शी रोडनं निघालं की शहर संपतं आणि माळ सुरू होतो. सगळा पिवळा. मधूनच एखादं हिवराचं झाड, कुठं तरवडाचं झुडूप. साडीच्या काठात कुसळं अशी रुतलीत की अजून चिमट्यानं काढायलेय. लांबवर काळवीट दिसले. ज्या पक्ष्यासाठी तिथं अभयारण्य आहे तो माळढोक अर्थातच नाही.

१९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं! गावं, शेतं, रस्ते, सगळं त्यात. जमिनीचे व्यवहार अडले, लोक पक्ष्याच्या नावानं बोटं मोडायला लागले. पुढं ते सुमारे १,२२२ वर आणलं. तोवर पक्षी कमी झालेच होते. आज जगात दीडशेच्या आत उरलेत म्हणतात, तेही बहुतेक जैसलमेरकडं.

हा पक्षी एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. घरटं नाही, आडोसा नाही. त्याला चहूकडं मोकळं दिसलं पाहिजे. झाडाचा त्याला उपयोग तर नाहीच, उलट अंडी पळवणाऱ्या कावळ्याला बसायला जागा होते. उडताना समोरचं नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आदळतो. आणि आपण काय केलं? गवताळ जमीन म्हणजे पडीक, असं धरून माळांवर झाडं लावली. शाळेची पोरं नेऊन, फोटो काढून लावली. पर्यावरण दिनाचे सत्कार झाले.

राहिलेल्यातला बराच माळ द्राक्षांनी घेतला. नान्नज द्राक्षांचंही मोठं गाव, ‘सोनाका’ जात तिथलीच. मी ती चवीनं खाते, उगाच सोवळेपणा नको. शेतकऱ्याला दोष देत नाही, ज्वारीवर त्याचं कसं भागणार? पण शेततळं, ठिबक, औषधाचे फवारे हे सगळं जिथं आलं, तिथं आधी गवत होतं. बागेनं कुणाची तरी जागा घेतली, असं दाखवणारं एखादं चित्र तिथं आहे का? मला पीडीएफमध्ये सापडलं नाही. तुम्ही जाल तेव्हा शोधा.

प्रेषक: रेडिंगहून, मूळ सोलापूर, सात रस्ता

काकू, होय की, सगळं मान्य. पण बागांच्या प्रदर्शनात माळ मागणं म्हणजे हुरडा पार्टीला जाऊन पुरणपोळी मागण्यासारखं झालं.

चित्रकार आपल्या दाराशी जे आहे तेच काढणार ना? इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनीनं २००७ साली यॉर्कशरमधल्या वॉर्टर गावाजवळची झाडं काढली, ५० कॅनव्हास जोडून एक चित्र, आणि टेट या कलासंग्रहालयाला देऊन टाकलं. त्याच भागात झाडं तोडली गेली तेव्हा ओंडक्यांच्या राशी काढल्या, भडक नारिंगी. ‘विंटर टिंबर’, २००९. तेही पर्यावरणच. त्यानं माळढोक कुठून आणायचा?

माझी दोन तिकिटं.

प्रेषक: काकू, सोलापूर

ओंडक्यांचं चित्र मला आवडतं. तोडलेलं झाड दिसतं, म्हणून माणूस हळहळतो. माळ गेला तर तिथं काहीतरी हिरवं आलेलं दिसतं आणि माणूस खूश होतो. भांडण एवढंच आहे.

फ्रेंच चित्रकार मोनेचंच बघ. १८९३ साली त्यानं जिव्हर्नीला तळ्यासाठी जागा घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली, ही परदेशी झाडं आमचं पाणी नासवतील म्हणून. मोने भयंकर चिडला. शेवटी परवानगी मिळाली, आणि त्या तळ्यातली कमळं आज पॅरिसला ऑरेंजरी संग्रहालयात भिंतभर आहेत. गोष्ट सांगणारे त्या गावकऱ्यांना अडाणी ठरवून पुढं जातात. माझ्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. मला ते गावकरी अडाणी वाटत नाहीत. चित्रं मात्र मीसुद्धा तासभर बघत उभी राहिले होते, हेही खरं.

प्रेषक: डब्लिनहून, आजोळ सोलापूर, बाळीवेस

काकू, थोडं उलट बाजूनं बोलू का?

इथं किल्ल्याच्या आवारात चेस्टर बीटी संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. त्यांच्या संग्रहात विजापूरचं एक चित्र आहे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. हातावर मैना घेतलेली योगिनी, मागं उंचावर पांढरा वाडा आणि बाजूला ही मोठमोठी, जवळजवळ तिच्याच मापाची फुलं. विजापूर सोलापूरपासून शंभर किलोमीटर. तीच काळी माती, तोच बेभरवशाचा पाऊस. अशा मुलखातल्या चित्रकाराला फूल माणसाएवढं काढावंसं वाटलं, ते त्याला माळ दिसत नव्हता म्हणून नसणार. रोज तोच दिसत होता, म्हणून वाटलं असणार. आजीच्या वाड्यात पाण्याची एवढी ओढ, पण तुळशीला तांब्या चुकायचा नाही. बागेची हौस कोरड्या मुलखालाच जास्त, असं मला वाटतं.

प्रेषक: काकू, सोलापूर

हे पटलं. योगिनीचा फोटो पाठव.

पण विजापूरच्या त्या चित्रकाराच्या वेळी माळ संपत आला नव्हता. आता येतोय. म्हणून आता कुणीतरी तोच काढायला हवा, गेरू आणि पिवळी माती घेऊन. एवढंच म्हणणं.

कार्यवाहबाई, गणपतीतल्या मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं परीक्षण दरवर्षी माझ्याकडं पाठवता. ‘पर्यावरण’ विषय दिला की प्रत्येक मूल दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली झाडांची रांग काढतं. पुढच्या वर्षी विषय ‘माळ’ ठेवा. हिरवा खडू चालेल, पण ज्यानं वापरला त्यानं चित्रामागं लिहायचं, पाणी कुठून आणलं.

प्रेषक: कार्यवाह, लंडन

विषय मंजूर. खडूची अट समितीपुढे ठेवते, दोन आया आत्ताच नाराज आहेत. एकीचं म्हणणं, मुलांनी माळ पाहिलेलाच नाही.

प्रेषक: काकू, सोलापूर

संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला येतात ना? मी नेते. गाडी भाच्याची, डबा माझा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

प्रेषक: कार्यवाह, लंडन

रविवारसाठी अजून सातच नावं आलीत. सवलत हवी असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा. आणि काकूंचा प्रश्न तिथल्या गाइडला कोण विचारणार, तेही.