मुलांचा ताबा, भेटीचे वार आणि दोन घरं: तुमचे अनुभव लिहा

मधलीसुट्टी: आज कपाट आवरताना लेकीचं जुनं कॅलेंडर सापडलं, आईचे दिवस लाल, बाबाचे निळे, तिनेच रंगवलेले. आता ती कॉलेजात आहे पण बघून पोटात ढवळलंच. आमचा घटस्फोट म्हणे सामंजस्याने झाला, ताब्याचे कागदही पटकन झाले. भांडणं सुरू झाली ती नंतर. तापात डॉक्टर कोण ठरवणार, पालकसभेला कोण जाणार, निळ्या दिवशी मैत्रिणीचा वाढदिवस आला तर तो दिवस कोणाच्या खात्यात... यातलं काहीच कागदावर नव्हतं. ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा, आई, बाबा, मुलं सगळेच. फक्त वकिली नको.

निळाशर्ट: बाबा बाजू. अंतरिम ताबा तिच्याकडे गेला तेव्हा वकील म्हणाले तात्पुरता आहे हो, काळजी करू नका. तात्पुरता कसला, तारखा पडत गेल्या, पोरगा तिकडे रुळला आणि निकालात तेच आलं की मूल स्थिरावलंय, आता हलवू नका. चूक म्हणता येत नाही हो, माझं मूल नसतं तर मीही हेच म्हणालो असतो. पण नव्याने यातून जाणाऱ्यांनो, अंतरिम अर्ज हलक्यात घेऊ नका. आणि ती कोर्टातली भेटीची खोली! कोपऱ्यात बाई बसलेली आणि आपण आपल्याच पोराला पाहुण्यासारखं विचारायचं, अभ्यास कसा चाललाय.

टकमक: +१. आमच्याकडे भेटीच्या दिवशीच नेमका ताप. थर्मामीटरचा फोटो मागितला तर मीच संशयी 😑

पावसाळीछत्री: @टकमक अहो कधीकधी खरंच येतो. माझ्या मुलाचं आदल्या रात्री पोट दुखायचं, मला वाटलं बघा, जायचंच नाहीये त्याला. समुपदेशक बाई म्हणाल्या तिकडून निघतानाही दुखतं का विचारा. विचारलं तर दुखत होतं! मग दारातली अदलाबदल बंद केली, एकाने सकाळी शाळेत सोडायचं, संध्याकाळी दुसऱ्याने आणायचं, आम्ही समोरासमोर येतच नाही. बराच फरक पडला.

अधलामधला: मी यातलं 'मूल', आता दाढी आलीय. जज मॅडमनी चेंबरमध्ये घेऊन विचारलं कोणाकडे राहायचंय. मी म्हणालो कुत्र्याकडे. सगळे हसले. कुत्रा बाबाकडे होता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात कलम १२ आहे, मुलाचं मत ऐकून घ्या म्हणून. घ्या ना, पण आई का बाबा असं निवडायला लावू नका. त्या रात्री आईशी नजर मिळवता येईना.

टकमक: कुत्रा कुठला होता?

अधलामधला: गावठी. एक कान पडलेला. नंतर वीकेंडला आईकडेही यायचा, ते कुठल्या ऑर्डरमध्ये नव्हतं 😄

लांबूनपाहणारी: परदेशात असाल तर मूल घेऊन न सांगता दुसऱ्या देशात निघून जाऊ नका. बहीण म्हणाली आईच आहे मी, मला कोण अडवणार. अडवलं. १९८०चा हेग करार मानणाऱ्या देशांमध्ये १६ वर्षांखालच्या मुलाला परत पाठवण्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्यात ताबा कोणाला द्यायचा हे ठरवतच नाहीत, मूल आधी कायम कुठे राहत होतं ते बघतात.

पावसाळीछत्री: गणवेश, पुस्तकं दोन्ही घरी डबल ठेवता का कोणी? गणिताचं पुस्तक कायम चुकीच्या घरी.

निळाशर्ट: डबलच घ्या. चार्जर पण. चार्जरवरून नोटीस यायची तेवढी बाकी होती आमच्यात.

मधलीसुट्टी: मुलं एकाच घरात आणि आईबापच आळीपाळीने येऊन राहणार, असं कोणी केलंय का?

टकमक: आम्ही केलं. ज्या भांडी घासण्यावरून घटस्फोट झाला तेच भांडण परत, यावेळी चिठ्ठ्या लिहून 🤣

मधलीसुट्टी: @लांबूनपाहणारी बहिणीचं पुढे काय झालं?

लांबूनपाहणारी: रात्री लिहिते, आत्ता मीटिंगमध्ये चोरून टाइप करतेय.