३९९ ची 'अस्सल कोल्हापुरी' की १४०० ची? आणि यात देशप्रेम नेमकं कुठं येतं?

कोथरूडकर८८:
मंडळी, जरा चिडून विचारतोय, समजून घ्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर १५ ऑगस्टच्या आधीपासून 'लोकल घ्या, देश घडवा' टाइप फॉरवर्ड चालू होते, मलाही जोर चढला आणि मी एका ॲपवरून 'अस्सल कोल्हापुरी' चप्पल मागवली, ३९९ ला, फोटोत वेणी, गोंडा, सगळं झकास. हातात आली तेव्हा फुलासारखी हलकी होती, तिथंच शंका यायला हवी होती खरं तर. सव्वा महिन्यात अंगठा तुटला. कोपऱ्यावर चपला शिवणारे काका बसतात त्यांच्याकडे नेली, त्यांनी तळ वाकवला, कडेला नख घातलं आणि आतला पुठ्ठा ओढून माझ्या हातात दिला, म्हणे "साहेब, टाका कुठं घालू सांगा." वरून रेक्झिन, आत पुठ्ठा.

मग गेल्या शनिवारी एका प्रदर्शनात कारागिराच्या स्टॉलवर विचारलं तर १४००. मी हजार म्हणालो, ते नाही म्हणाले, मी आलो निघून. तेव्हापासून बायको ऐकवतेय की ग्रुपवर झेंडे टाकायचे आणि चारशे रुपयांसाठी घासाघीस करायची, हे बरंय तुझं. तर अस्सल ओळखायची कशी ते सांगाच, पण त्याहून मोठा प्रश्न हा की हजार रुपये जास्त मोजले म्हणजे देशासाठी खरंच काही केलं का नुसतं आपलं मनाचं समाधान?

रंकाळा_काठ:
भावा ३९९ मध्ये आमच्याकडं नुसता तळ पण निघत नाही. माझं आजोळ कोल्हापुरातल्या सुभाषनगरचं, मामा अजून चपला करतो, म्हणून सांगतोय. तळाला म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं, आणि शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा कुठं नाही. हातात घेतली की वजन लागलं पाहिजे आणि वास चामड्याचा यायला पाहिजे, डिंकाचा नाही. दोन बाजूंना जे कान असतात ते बघ, तळात शिवून घेतलेले असले पाहिजेत, चिकटवलेले असले की समजून जा. पहिले आठ-दहा दिवस चावणार, रात्री तेल लावून ठेवायचं. आणि पावसात चिखलातनं घालून फिरलास तर नंतर आम्हाला शिव्या घालू नको.

आता १४०० चं. तुला वाटतंय सगळा मामला किमतीचा आहे, तसं नाही, खरी गोची उधारीची आहे. मामा दुकानात माल टाकतो, पैसे कधी तर दिवाळी झाल्यावर, आणि चमडं मात्र त्याला रोखीनं आणायला लागतं. त्यात २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर बैलाचं कातडं मिळायचं मुश्किल झालं, सगळा भार म्हशीच्या कातड्यावर, भाव चढले. वेणी मामी घालते, चामड्याच्या बारीक पट्ट्या ओल्या करायच्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं आणि टीव्ही बघत बघत विणत बसायचं, मालिका संपेस्तोवर दोन-तीन वेण्या. तिची मजुरी १४०० मध्ये पण कुणी धरत नाही, मामासुद्धा नाही, हे त्याच्या तोंडावर बोललोय मी.

हिशोबनीस:
देशप्रेम बाजूला ठेवून बोलू का? 'फक्त आपल्या गावातलंच घ्या' हा मंत्र पुण्यातल्या प्रत्येकाने खरंच पाळला तर पहिले कोल्हापूरचे कारागीर उपाशी मरतील, कारण त्यांचं गिऱ्हाईक बाहेरचंच आहे, मुंबई-पुण्याचं, परदेशातलं. आणि ती रेक्झिनची चप्पल करणारा पण आग्र्याचा-दिल्लीचा कुणीतरी असू शकतो ना, त्याच्या पोटाला देश नाही का? स्वस्त चप्पल विकणं हा गुन्हा नाही, ज्याची ऐपत ३९९ ची आहे त्याने तीच घ्यावी. गुन्हा आहे तो तिला कोल्हापुरी म्हणण्यात. कोल्हापुरीला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते नेमकं याच्याचसाठी. तुम्ही ॲपवर तक्रार टाकली का? पुठ्ठ्याच्या फोटोसकट? का नुसता रिटर्नचा काळ संपला म्हणून गप्प बसलात? माझ्या मते त्या तक्रारीचा उपयोग झेंड्याच्या फॉरवर्डपेक्षा जास्त आहे.

निपाणीकर:
जीआयचा विषय निघालाच आहे तर हे पण वाचा. ते एकट्या कोल्हापूरला नाहीये, आठ जिल्ह्यांना मिळून आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आमच्या भागात, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडे, घरंच्या घरं यात आहेत आणि निम्मं बोलणं कानडीत चालतं. पुण्याच्या प्रदर्शनात आमच्याकडच्या एका बाईंना गिऱ्हाईकाने विचारलं, महाराष्ट्रातलीच आहे ना? त्या खरं बोलल्या, अथणीची म्हणाल्या, तर त्याने चप्पल खाली ठेवली आणि पुढं गेला. आता बोला, लोकल कुठं संपतं? शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला तेव्हा मधे ही राज्यांची हद्द नव्हती.

आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, नाव कुठंच नाही, तेव्हा दोन्हीकडचे लोक 'आमची आमची' म्हणून काय ओरडले! बरोबरच होतं ओरडणं, कंपनीला पण शेवटी मान्य करावं लागलं की कल्पना भारतीय कारागिरांची. पण ओरडणाऱ्यांपैकी किती जणांच्या पायात होती हो?

जुनी_पुस्तकं:
हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला चक्क खादी घालून गेले होते, सगळे राजेरजवाडे जरतारीत आणि हे खादीत. १९०५ ची पुण्यातली विलायती कापडांची होळी तर शाळेत सगळ्यांनीच वाचलीय. पण मला त्यापेक्षा पैसा फंड जास्त आवडतो आणि तो कुणाच्या लक्षात नसतो. अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ, प्रत्येकाकडून एक पैसा मागत हिंडले, टिळकांचा पाठिंबा होता, आणि त्यातून १९०८ ला तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. म्हणजे 'विलायती घेऊ नका' एवढ्यावर थांबले नाहीत, देशी माल निघायचा तर आधी भांडवल लागतं हे ओळखलं. वर रंकाळा_काठ यांनी मामांच्या उधारीचं लिहिलंय ना, मला तोच पैसा फंड आठवला. कारागिराला आधी पैसे देऊन ऑर्डर द्या, चप्पल महिन्याने येऊ दे, तुमचं काय अडलंय? त्याला चमड्यासाठी कुणाच्या दारात जायला लागणार नाही. भाव पाडून मागायचा आणि वर उधार ठेवायचं, हे तरी बंद करू.

रंकाळा_काठ:
ताई एक नंबर बोललात. मामाला वाचून दाखवलं. तो म्हणतोय तळेगावला कळवा, आम्हाला पण एक पैसा पाठवा 😄

कोथरूडकर८८:
अपडेट देतो. हिशोबनीस, तक्रार टाकली, फोटोसकट, अजून 'आम्ही तपासत आहोत' एवढंच उत्तर आलंय. आणि त्या स्टॉलवाल्यांचं कार्ड खिशात राहिलं होतं, काल फोन केला. मला वाटलं ओळखणार नाहीत, पण म्हणाले "हजारवाले ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. १४०० कबूल केले, सगळे आधीच पाठवतो म्हटलं तर ते म्हणाले अर्धे द्या, बाकीचे पायात बसल्यावर. ७०० पाठवले. मग वर्तमानपत्रावर उभं राहून पेनने दोन्ही पाय काढून फोटो पाठवायला सांगितला, त्यात चाळीस वर्षांनी मला कळलं की माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे. दसऱ्यानंतर येईल म्हणाले.

एवढ्यात बायकोने फोन हातातनं घेतला, स्वतःसाठी पण एक जोड सांगितला आणि शांतपणे म्हणाली, "दोन घेतोय तर काहीतरी कमी करा की." मी बघतच राहिलो. पलीकडून ते म्हणाले, "ताई, कमी नाही होणार, गोंडा मोठा लावून देतो."