क्लाउस मॅकेला : वय लहान, तयारी जुनी

फिनलंडचा कंडक्टर (वाद्यवृंदाचा संचालक) क्लाउस मॅकेला याची शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या प्रमुखपदी निवड झाली, त्यावर कुणीतरी म्हटलं, "२८व्या वर्षी शिकागो मिळालं म्हणजे नुसतं मार्केटिंग". हे मत मला अजिबात नाही पटलं. मॅकेला काय अचानक उगवलेला नाहीये हो, हेलसिंकीत बाराव्या वर्षापासून योर्मा पानुला या गुरूंकडे कंडक्टिंग शिकलाय, शिवाय स्वतः चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं तंतुवाद्य) वाजवतो, म्हणजे वाद्यवृंदात बसून समोरच्याचा हात कसा वाचतात ते त्याला आतून माहितीये. २०२० ला ऑस्लोच्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला, २०२१ ला पॅरिसच्या, आता २०२७ पासून अ‍ॅमस्टरडॅम आणि शिकागो दोन्ही एकदम. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता पण विशीतच माँट्रिअल आणि लॉस एंजेलिस सांभाळत होतेच की!

मी त्याने ऑस्लोच्या वाद्यवृंदाबरोबर केलेला सिबेलियस (फिनलंडचाच संगीतकार) ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये हेडफोनवर ऐकलाय, पाचव्या सिम्फनीच्या शेवटी ते सहा ठोके येतात ना, सुटे सुटे, त्यांच्या मधल्या शांततेत माझा श्वास अडकला होता आणि मुलुंडची गर्दी चढत होती तेही कळलं नाही.

काळजी एकच वाटते, दोन खंडांत दोन वाद्यवृंद म्हणजे सततचा विमानप्रवास, मग वादकांबरोबर मुरायला वेळ कधी मिळणार?